विषयाच्या ओळीतले चौकोन
'ईमेलचा साचा १९८२ च्या आरएफसी ८२२ मध्येच ठरला, आता चर्चा कशाची?' हे म्हणणं मला अर्धंच पटलं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). तो साचा निव्वळ आस्कीपुरता, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे नि साध्या चिन्हांपुरता होता. देवनागरी विषय अजूनही बहुधा सांकेतिक तुकडे पाडूनच जातो (मेलचा कच्चा मजकूर उघडून बघा, गंमत दिसेल). आरएफसी २०४७ प्रमाणे एक तुकडा, दोन्ही टोकांच्या खुणा धरून, फार तर ७५ आस्की अक्षरांचा. यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या संगणकात साठवायची पद्धत) आपलं एकेक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे बेस६४ केल्यावर (बाइट आस्की अक्षरांत लिहिल्यावर) जेमतेम १५ चिन्हं बसतात. काना-मात्राही त्यातच मोजायच्या! चिन्ह मधोमध तोडायचं नाही असं तिथे स्पष्ट लिहिलंय, तरी काही प्रोग्राम बिनधास्त बाइट मोजून कापतात आणि विषयात चौकोन उमटतात.

२०१२ च्या आरएफसी ६५३२ ने हेडरमध्ये (मेलच्या वरच्या विषय, पत्ता वगैरे ओळींत) थेट यूटीएफ-८ ला मुभा दिली, पण वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला ते झेपायला हवं.