मदत हवी आहे: वापरलेले ओमेगा स्पीडमास्टर ऑनलाइन घेताना मागचे झाकण न उघडता खात्री कशी करावी?

नमस्कार.

चावीच्या घड्याळाची मला जुनी सवय आहे. एचएमटीचे 'जनता' मी अनेक वर्षे वापरले असून आता एकच चांगले स्विस यांत्रिक घड्याळ घ्यायचे ठरवले आहे. बराच विचार करून निवड ओमेगाच्या स्पीडमास्टर मूनवॉचवर येऊन थांबली आहे.

या निवडीमागे माझ्या कामाचाही भाग आहे. भोसरीच्या कारखान्यात माझा दिवस मोटारी आणि ग्राइंडिंग मशीनवरच्या मॅग्नेटिक चकच्या (लोखंडी काम चुंबकाने धरून ठेवणाऱ्या साधनाच्या) सान्निध्यात जातो. साध्या यांत्रिक घड्याळावर चुंबकत्व चढले की हेअरस्प्रिंगचे (घड्याळाची गती ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात, तिची काम करणारी लांबी कमी होते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटेसुद्धा पुढे पळू लागते. 'जनता'च्या बाबतीत हे मी वारंवार पाहिले आहे. मूनवॉचच्या नेहमीच्या प्रकारात २०२१ पासून आलेले ३८६१ कॅलिबर (आतले यंत्र) १५,००० गाऊसपर्यंतचे चुंबकक्षेत्र सोसते, पूर्ण चावी दिल्यावर ५० तास चालते आणि मास्टर क्रोनोमीटर या प्रमाणपत्राच्या निकषानुसार दिवसाला ० ते ५ सेकंदांपेक्षा अधिक पुढे जात नाही. नवे घेणे मात्र माझ्या ऐपतीपलीकडचे आहे.

दिल्लीतील एका विक्रेत्याकडे असे एक घड्याळ ऑनलाइन उपलब्ध आहे. वापरलेल्या घड्याळांची खरेदी-विक्री हाच त्याचा व्यवसाय आहे. त्याच्या सांगण्यानुसार ते २०२२ साली भारतातील अधिकृत दुकानातून घेतलेले असून डबा व वॉरंटी कार्ड सोबत मिळेल, आणि किंमत नव्यापेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी आहे. पूर्ण रक्कम आगाऊ भरायची, घड्याळ विमा उतरवून कुरिअरने येणार, आणि पसंत न पडल्यास मिळाल्यापासून ४८ तासांत परत करता येणार; परंतु मागचे झाकण उघडल्याची खूण दिसली तर ते परत घेतले जाणार नाही.

माझी अडचण नेमकी इथेच आहे. मी पाहिलेले घड्याळ हेसलाइट, म्हणजे अ‍ॅक्रिलिक काचेचे आहे आणि त्याचे मागचे झाकण बंद, पोलादी असते. सफायर काचेच्या प्रकारात पाठीमागून यंत्र दिसते, तशी सोय यात नाही. विक्रेत्याची अट मला अवास्तव वाटत नाही, कारण आतले भाग बदलून घड्याळ परत पाठवणारेही असतात. शिवाय ओमेगाची वॉरंटी पाच वर्षांची असल्याने ती अजून शिल्लक आहे, आणि बाहेरच्या कारागिराने झाकण उघडल्याचे दिसले तर कंपनी ती नाकारू शकते.

झाकण न उघडता तपासता येण्याजोग्या काही गोष्टी मी जमवल्या आहेत. चावी बाहेर ओढली की ३८६१ मध्ये छोटा सेकंद काटा थांबतो, जुन्या १८६१ मध्ये तो चालूच राहत असे. हेसलाइट काचेच्या मध्यभागी ओमेगाचे अतिसूक्ष्म चिन्ह असते, ते भिंगातून दिसते. बेझलवर (काचेभोवतीच्या कड्यावर) ९० या आकड्याच्या शेजारी नव्हे तर वर ठिपका असतो. पण चांगल्या नकलेत यांपैकी काही गोष्टी उतरलेल्या असतील अशी धास्ती वाटते.

परदेशातून मागवण्याचा विचार मी सोडून दिला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आलेल्या एफ्टा (स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा गट) व्यापार करारानुसार स्विस घड्याळांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार असले, तरी ती सवलत मूळ देशाच्या पुराव्यावर मिळते, आणि वापरलेल्या घड्याळासोबत तो पुरावा मिळण्याची शक्यता कमी.

तेव्हा जाणकारांना विचारायचे ते असे, की ४८ तासांत केवळ टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवून घड्याळाविषयी कितपत खात्री देता येते? लक्ष्मी रोड किंवा कॅम्प परिसरात को-अ‍ॅक्सियल एस्केपमेंटची (३८६१ मधील चाल नियंत्रित करणाऱ्या रचनेची) माहिती असलेला कारागीर कोणाला ठाऊक असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपाने कळवावे.

प्रतिसाद:

टाइमग्राफर घड्याळाची टिकटिक ऐकून मोजमाप करतो, त्यामुळे झाकण उघडावे लागत नाही. ३८६१ चे ताशी २१,६०० ठोके दिसायला हवेत. मात्र कारागिराला टाइमग्राफरवरचा लिफ्ट अँगल (झोका मोजण्यासाठी त्यात भरावा लागणारा कोन) बदलायला आधीच सांगावे. को-अ‍ॅक्सियलसाठी नेहमीचा ५२ अंशांचा आकडा ठेवला तर अ‍ॅम्प्लिट्यूड (तोलचक्राच्या झोक्याचे माप) चुकीचा दिसतो आणि घड्याळावर विनाकारण ठपका येतो. पूर्ण चावी देऊन डायल वर, डायल खाली आणि चावी खाली अशा तिन्ही स्थितींत पाहावे, आणि २४ तासांनी पुन्हा पाहावे. क्रोनोग्राफ (घड्याळातले स्टॉपवॉच) चालू-बंद करून शून्यावर आणल्यावर काटे नेमके रेषेवर बसतात का, हेही बघावे.

एवढे करूनही यंत्राची प्रकृती तेवढी कळेल, ते ओमेगाचेच आहे हे कळणार नाही. २१,६०० ठोक्यांची स्वस्त चिनी क्रोनोग्राफ यंत्रेही असतात आणि नीट लावली तर ती बरी चालतात. अस्सलपणाचा निर्णय ओमेगाच्या अधिकृत सेवा केंद्राकडूनच घ्यावा, आणि त्याला ४८ तास पुरणार नाहीत. म्हणून आपण विक्रेत्याकडे १० दिवसांची मुदत मागावी. तसेच घड्याळावरील क्रमांक, कार्डावरील क्रमांक आणि 'अधिकृत केंद्राने अस्सल न मानल्यास पूर्ण परतावा' हे वाक्य जीएसटी क्रमांक असलेल्या बिलावर लिहून घ्यावे. प्रामाणिक व्यावसायिकाला यात अडचण वाटू नये. तो टाळाटाळ करू लागला तर माझ्या मते हा सौदा सोडून द्यावा.

पैसे बँकेतूनच भरावेत. व्यवसाय करणाऱ्याकडून रीतसर बिल घेतले असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आपण राहता तिथल्या, म्हणजे पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. कुरिअरचे खोके मात्र पत्त्याच्या चिठ्ठीपासून घड्याळावरील क्रमांकापर्यंत एकाच सलग चित्रफितीत उघडावे.