पाण्याचा रेणू वाकडा का?

प्रश्न (बारावी, सांगली): कार्बन डायऑक्साइड सरळ, पाणी वाकडं. दोन्हींत मधल्या अणूला दोनच अणू. मग असं का?

उत्तर (शिक्षक, विटा): अगं, नुसते अणू मोजू नकोस. ऑक्सिजनवर दोन लोन पेअरही (बंधात न अडकलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या) आहेत. दोन बंध नि दोन लोन पेअर, म्हणजे चार. चार फुगे देठाशी घट्ट बांध, ते आपोआप चतुष्फलकासारखे (चार त्रिकोणी बाजूंचा आकार) पसरतात: दोन फुग्यांत १०९.५ अंश. लोन पेअर जास्त जागा खातात, म्हणून पाण्यात कोन १०४.५ वर येतो. कार्बनवर लोन पेअरच नाही. दोन दुहेरी बंध समोरासमोर, १८०. वर्गात हे फुगे मी दरवर्षी बांधतो. पोरांचे डोळे तेव्हाच उघडतात.

उत्तर (तासगाव): आम्ही बेदाणे नि टूथपिक वापरतो. अमोनियाही कर: एकच लोन पेअर, कोन १०७.

प्रश्नकर्ती: सर, बांधले! फुगे एका पातळीत दाबले, सोडले की लगेच उसळतात. आता दिसलं.