नॉटमच वापरणाऱ्यांनो, टॅग किती ठेवता? माझं मत: पाचाच्या वर नकोत (भांडायला या)

हळदगल्ली, सांगली
आधी थोडं मागचं सांगतो. मी मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर हिशोब बघतो, कॉम्प्युटर पण बघतो, म्हणजे टॅली पण मीच आणि प्रिंटरात कागद अडकला तरी हाक मलाच. पेढीचा मेल २०११ पासूनचा आहे, लाखाच्या वर मेल झालेत, सौद्याचे, ट्रान्सपोर्टचे, बँकेचे, जीएसटीचे, आणि फुकटची १५ जीबी भरत आली तसं एमबीसिंकने (सर्व्हरवरचे मेल मशीनशी जुळवणारा प्रोग्रॅम) सगळं मशीनवर मेलडिरमध्ये, म्हणजे एका मेलची एक फाइल असं, उतरवून घेतलं आणि त्यावर नॉटमच बसवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा कमांड लाइनवरचा प्रोग्रॅम आहे, कार्ल वर्थने २००९ मध्ये काढलेला, तो मेल आणत पण नाही आणि पाठवत पण नाही, नुसता झेपियन नावाच्या सर्च इंजिनवर इंडेक्स करतो आणि टॅग लावतो. आपल्या हरिपूरच्या पेवांसारखं समजा, माल जमिनीखाली पडलाय, कुठल्या पेवात कुणाची किती पोती ते वहीत. नॉटमच म्हणजे ती वही.

आता मुद्दा. सुरवातीला मला पण टॅगचं याड लागलं होतं. प्रत्येक पार्टीला टॅग, प्रत्येक आर्थिक वर्षाला टॅग, बिलाला वेगळा, बिल्टीला वेगळा. साठेक झाले असतील. सहा महिन्यांनी लक्षात आलं की जे शोधून मिळतंय त्याला टॅग लावणं म्हणजे पोत्यावर "पोतं" असं लिहिणं आहे. २०१९-२० चे मेल पाहिजेत तर डेट कोलन २०१९-०४-०१ दोन टिंब २०२०-०३-३१ एवढं लिहिलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत येतात, मग वर्षाचा टॅग कशाला. अटॅचमेंट असली तर तो टॅग नॉटमच स्वतःच लावतो. म्हणून मी ठरवलं, टॅग फक्त त्या गोष्टीला जी मेलमध्ये लिहिलेली नाही आणि फक्त मला माहीत आहे: पैसे यायचेत, उत्तर द्यायचंय, सीएकडे पाठवलं, शेठला दाखवायचं. चार. पाचवा अजून सुचला नाही.

कंदीपेढा (सातारा)
अजिबात पटलं नाही. शोधून मिळतंय म्हणता पण काय शोधायचं ते तरी आठवायला पाहिजे की ओ. आमच्याकडं एक पार्टी आहे, मालक एका जीमेलवरून पाठवतो, त्याचा पोरगा दुसऱ्यावरून, मुनीम तिसऱ्यावरून, आणि मधेच डोमेन घेतलं तेव्हापासून चौथा पत्ता. फ्रॉम कोलन लावून तुम्ही कुणाकुणाला शोधणार? माझ्याकडं पोस्ट-न्यू हुकमध्ये (नवीन मेल घेतल्यावर आपोआप चालणारी कमांडची फाइल) ओळी लिहिल्यात, नॉटमच न्यू चालवलं की नवीन मेल आल्या आल्या चारी पत्ते एका टॅगखाली. ४१ टॅग आहेत माझे आणि एकही हाताने लावत नाही. टॅग जास्त झाले हा त्रास हाताने लावणाऱ्यांना होतो, आपोआप लागतात त्यांना काय घेणं.

हळदगल्ली, सांगली
तुमचं चार पत्त्यांचं खरं आहे, पण त्याला टॅग कशाला, नावाची क्वेरी करा की. नॉटमच कॉन्फिग सेट, पुढं क्वेरी डॉट आणि पार्टीचं नाव, आणि अवतरणात चारी पत्ते ऑर लावून. मग क्वेरी कोलन ते नाव टाकलं की झालं. उद्या पाचवा पत्ता आला तर एका ठिकाणी वाढवायचा, मागचे सगळे मेल पण आपोआप आत. तुमच्या हुकमध्ये पाचवा पत्ता घातला तर तो फक्त इथून पुढच्या मेलला लागणार, मागच्यांना परत हाताने लावत बसा.

कंदीपेढा (सातारा)
बसतो की, एक ओळ तर आहे.

माऊसप्रेमी
मी दोघांच्याही विरुद्ध. मला खरंच कळत नाही हा खटाटोप कशासाठी. ब्राउझरमधून लेबल लावता येतं, फिल्टर लावता येतो, आणि मुख्य म्हणजे तिथला सर्च पीडीएफच्या आतलं पण शोधतो. तुमचं नॉटमच शोधतं का पीडीएफच्या आतलं? अडतीच्या धंद्यात सगळं बिलावर चालतं आणि बिल सगळं पीडीएफमध्ये. गाडी नंबर टाकला तर मला बिल सापडतं, तुम्हाला काय सापडतं? आणि हळदगल्ली दादा, तुम्ही उद्या गावाला गेलात, शेठना एक मेल पाहिजे, कोण उघडणार ती काळी खिडकी?

हळदगल्ली, सांगली
पीडीएफचं बरोबर आहे, तिथं मी हरलो. नॉटमच मेलचा मजकूर इंडेक्स करतं आणि अटॅचमेंटचं फक्त नाव, आतलं नाही. मी पार्टी आणि तारीख लावून वीसेक मेलपर्यंत येतो, मग एकेक उघडतो. तरी पण नेट बंद असलं तरी माझं चालतं, आणि यार्डात नेट किती चालतं ते यार्डातल्यांना विचारा.

आयर्विन
मला वेगळीच काळजी वाटली. तुम्ही म्हणताय १५ जीबी भरत आली म्हणून खाली उतरवलं. म्हणजे जुने मेल सर्व्हरवरून काढून टाकले का? काढले असतील तर ते फक्त त्या एका डब्यात आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे, आमच्या दुकानातला कॉम्प्युटर आम्ही टेबलावर ठेवून गेलो होतो, मनात म्हटलं टेबलापर्यंत कशाला येतंय. टेबल तरंगत दुसऱ्या खोलीत गेलं होतं. आणि पेवांचं उदाहरण देताय तर हे पण सांगा की २००५ च्या पुरात त्या पेवांचं काय झालं.

हळदगल्ली, सांगली
बसला टोला. काढलेत जुने, २०१७ च्या आधीचे, म्हणजे जीएसटी यायच्या आधीचे. त्यानंतरचे सर्व्हरवर आहेत कारण जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावं लागतं, म्हणून त्याला हात लावायची छाती नाही झाली. जुन्यांची एक हार्ड डिस्क घरी दुसऱ्या मजल्यावर आहे. आणि मेलच्या फाइली शिल्लक राहिल्या तर इंडेक्स परत करता येतो, वेळ लागतो एवढंच. फक्त टॅग परत येत नाहीत कारण ते मेलच्या फाइलमध्ये नसतात, डेटाबेसमध्ये असतात. त्यासाठी रोज रात्री नॉटमच डंप चालतो, ती साधी टेक्स्ट फाइल आहे, टॅग आणि पुढं मेसेज आयडी. नवीन मशीनवर रिस्टोर केलं की सगळे जागेवर.

कंदीपेढा (सातारा)
बघा, चार टॅग आहेत म्हणता आणि त्यासाठी रोज डंप. माझे हुकमधले टॅग गेले तरी ती फाइल परत चालवली की सगळे उभे राहतात.

बेदाणा_चारकोनी (तासगाव)
कंदीपेढा भाऊ, हुकवर एवढा भरवसा असेल तर एक विचारतो. तुमच्या ओळी सगळ्या डेटाबेसवर चालतात की फक्त नवीन मेलवर? मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा हे बघितलंच नाही. इनबॉक्स लावायची ओळ दर वेळी सगळ्या मेलवर चालायची, म्हणजे मी सकाळी आवरून ठेवलेले मेल दुपारी परत इनबॉक्समध्ये, आवरलं की परत, मला वाटलं मशीनला कुणीतरी करणी केली. मग कळलं की कॉन्फिगमध्ये नवीन मेलला इनबॉक्स आणि अनरेडच्या ऐवजी फक्त न्यू असा टॅग लावायचा, हुकमधल्या सगळ्या ओळी टॅग कोलन न्यू वरच चालवायच्या, आणि शेवटच्या ओळीत न्यू काढून इनबॉक्स लावायचा. सेटअप करताना प्रोग्रॅम हे विचारतो, आपण एंटर एंटर मारत जातो.

दुसरी चूक मोठी होती ती पण सांगून टाकतो. हजारो न वाचलेले मेल दिसत होते, एका फटक्यात साफ करू म्हणून सगळ्यांचा अनरेड टॅग काढला, क्वेरीच्या जागी नुसता तारा. मला वाटलं टॅग माझ्याच मशीनवरचे आहेत. पण अनरेड हा टॅग तसा नाही, मेलडिरचे फ्लॅग जुळवायचं सेटिंग आपोआप चालू असतं, टॅग काढला की फाइलच्या नावाला एस (म्हणजे वाचलेला) लागतो आणि पुढच्या सिंकमध्ये ते सर्व्हरवर जातं. तेच मेल खातं साहेबांच्या फोनवर होतं. साहेब मिरज स्टेशनवर उभे, फोनवर एकही मेल न वाचलेला नाही, आणि त्या दिवशी टेंडरचं उत्तर यायचं होतं. पुढचं लिहीत नाही.

माऊसप्रेमी
😂 हेच मी म्हणत होतो.

कंदीपेढा (सातारा)
लका तारा कशाला लावलास. माझ्या ओळी न्यू वरच चालतात, ते मी पहिल्याच आठवड्यात शिकलो (तसंच शिकलो, विचारू नका).

कृष्णाकाठची
टॅग कमी ठेवायच्या बाजूचे सगळे "शोधून मिळतं" म्हणतायत, पण तुमचे मेल इंग्रजीत असतील म्हणून मिळतं. नॉटमचला शब्दाचं मूळ ओळखता येतं ते इंग्रजीचं. मराठीत "हळद" शोधलं तर "हळदीचे" असलेला मेल येत नाही. शेवटी तारा लावून हळद* केलं तर येतो, ठीक आहे, पण "पाऊस" चं काय करणार, मेलमध्ये "पावसामुळे गाडी थांबली" लिहिलेलं असतं आणि पाऊस* मध्ये पावसामुळे बसतच नाही. आमच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपचे मेल सगळे मराठीत, त्यातही निम्मे इंग्रजी अक्षरात मराठी, एकच शब्द चार प्रकारांनी लिहिलेला. तिथं मी हाताने टॅग लावते, दिवसाला पंधरा-वीस मेल, चहा होईपर्यंत होतं. हळदगल्ली दादांचा चार टॅगचा नियम आमच्या मेलला लागू नाही.

हळदगल्ली, सांगली
ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आमचे मेल बहुतेक इंग्रजीत, दिल्लीच्या आणि मद्रासकडच्या खरेदीदारांचे. मराठी फक्त शेतकऱ्यांचे पट्टीचे (विक्रीच्या हिशोबाचे) प्रश्न येतात तेव्हा. मराठी मेल असतील तर विषयाचे टॅग पाहिजेत, मान्य. पार्टीच्या टॅगचं मात्र मी अजून मानत नाही, पत्ता काय मराठीत नसतो.

माऊसप्रेमी, तुमचा शेठवाला प्रश्न राहिला होता. काल कागदावर तीन कमांड मोठ्या अक्षरात लिहून स्क्रीनशेजारी चिकटवल्या. शेठनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, हे कुठल्या देवाचं आहे. तुम्ही जिंकलात तिथं.

कंदीपेढा (सातारा)
रात्री बसून एकेका टॅगवर नॉटमच काउंट चालवलं. ४१ पैकी नऊ टॅगवर शून्य मेल. पाच टॅग एकाच पार्टीचे निघाले, स्पेलिंग वेगवेगळं. ते काढतो. पार्टीचे राहणार, त्यावर वाद घालू नका, क्वेरी कोलन मला आठवत नाही आणि टॅग आठवतो.