मार्च नको, जानेवारीत जा

'कासव-संवर्धनाच्या इंटर्नशिपला मार्चमध्ये गेलं तरी चालतं, पिल्लं तेव्हाच सोडतात' असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर पिल्लं समुद्रात सोडणं हा कामाचा शेवटचा तुकडा. शिकायचं असतं ते अंडी घरट्यातून काढून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या राखीव जागेत नेण्यात, आणि ते जानेवारीत. पहाटे कासवमित्राबरोबर (घरटी राखणारा गावातला कार्यकर्ता) मादीचा माग काढायचा, काठी हलकेच दाबत वाळू भुसभुशीत लागते ती जागा शोधायची. ऑलिव्ह रिडले या इथल्या समुद्री कासवाच्या घरट्यात साधारण शंभरेक अंडी असतात. घातल्यावर काही तासांतच भ्रूण कवचाला आतून चिकटतो; त्यानंतर अंडं उलटलं की तो दगावतो. म्हणून अंडं जसं असेल तसंच, न फिरवता उचलायचं. बादलीच्या तळाला त्याच घरट्यातली ओली वाळू. हाताला ओडोमॉस किंवा सनस्क्रीन, काहीच लावलेलं नको.

हॅचरीतला खड्डा दीडेक फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि खाली फुगीर, सुरईसारखा. घाईत उथळ खणला तर वाळू जास्त तापते: आधी माद्याच जास्त निपजतात, आणखी तापली तर अंडी मरतात. घरट्यावर तारखेची पाटी हवीच, कारण पिल्लं 45 ते 60 दिवसांत कधीही वर येतात आणि घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली उन्हात अडकली तर वाचत नाहीत. आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं गुन्हा आहे, ती आधी विचारून घ्या.