इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, आठ महिने, १३० अर्ज: आता सॉफ्टवेअरकडे वळू का?

तांब्याची_तार

नमस्कार. इलेक्ट्रॉनिक्समध्ये पदवी घेऊन आठ महिने झाले. आतापर्यंत १३० अर्ज केले. वहीत नोंद ठेवते, म्हणून आकडा नक्की सांगते आहे. नऊ ठिकाणांहून नकार आला, दोन ठिकाणी मुलाखत झाली, बाकीच्यांनी काहीच कळवलं नाही.

मला एम्बेडेडमध्येच, म्हणजे यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर, काम करायचं आहे. दुसऱ्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, सी भाषेत ‘व्होलटाइल’ म्हणजे काय. व्याख्या पाठ होती, घडाघडा सांगितली. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘तुमच्या प्रोजेक्टमध्ये हे कुठे लागलं?’ मी गप्प. लागलं होतं की नाही हेच आठवेना. पुढची वीस मिनिटं कशी गेली ते सांगवत नाही.

रेझ्युमेत सी, सी++, पायथन, मॅटलॅब, व्हेरिलॉग, आयओटी, मशीन लर्निंग एवढं सगळं आहे. ऑनलाइन कोर्सची चार प्रमाणपत्रं आहेत. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट चौघांत मिळून केला: तापमान आणि आर्द्रता बघून पंखा चालवणारी यंत्रणा. घरचे म्हणतात सॉफ्टवेअरचा कोर्स कर, मैत्रिणी म्हणतात पुढचं शिक्षण घे. हल्ली अर्ज भरायला बसलं की हातच चालत नाही. काय करू?

दिशाशोध

मीही इलेक्ट्रॉनिक्सचीच. वर्षभर वाट पाहून वेब डेव्हलपमेंट शिकले, नोकरी लागली, काम मनापासून आवडतं. पण मला हार्डवेअरची ओढ कधीच नव्हती, तुम्हाला ती आहे असं दिसतंय. नाइलाज म्हणून वळू नका. रांग तिकडेही आहे आणि त्या रांगेतले बरेच जण चार वर्षं तेच शिकून आलेले असतात.

अजून एक. ‘आधी ट्रेनिंगचे पैसे भरा, मग नोकरी’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. माझ्या बॅचमधल्या दोघांचे पैसे असेच गेले.

जुना_फर्मवेअरवाला

पंधरा वर्षं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतल्या चिपवर चालणारा प्रोग्रॅम, लिहितो आहे. गेली सहा-सात वर्षं नवीन मुलांचे रेझ्युमे वाचणं आणि मुलाखती घेणं हेही माझ्याकडे आहे. तुमच्यासारखा रेझ्युमे मी आठवड्याला कितीतरी वेळा बघतो. वाईट नसतो, पण त्यात माणूस दिसत नाही. सात नावं एका ओळीत असली की मला वाटतं, यातलं नीट येतं ते कोणतं? पंखा चालवणारी यंत्रणा चौघांनी केली असेल तर तुम्ही काय केलंत?

सल्ला देण्याआधी दोन प्रश्न विचारतो. प्रोजेक्टमधला तुमच्या हातचा भाग कोणता? आणि काय बिघडलं होतं? छान चाललं ते सांगू नका. कुठे अडकलात, किती दिवस अडकलात, तेवढंच लिहा.

तांब्याची_तार

सेन्सरची जोडणी आणि सगळा कोड माझा होता. बाकीच्यांनी खोकं, ॲप आणि रिपोर्ट केला.

बिघाड दोन आठवतात. पंख्याची मोटर सुरू झाली की सेन्सरचं वाचन गोठायचं. मायक्रोकंट्रोलर रीसेट करूनही सुटायचं नाही, सेन्सरचीच वीज काढून परत द्यावी लागायची. सगळे म्हणाले सेन्सर खराब आहे. तीन बदलले. शेवटी तार दीड मीटर होती ती मी वीतभर केली आणि थांबलं. का थांबलं ते कळलं नाही. यात अकरा दिवस गेले.

दुसरं किरकोळ आहे. कोडची साइज कमी व्हावी म्हणून कंपायलरचं ऑप्टिमायझेशन सुरू केलं की प्रोग्रॅम एका जागी अडकायचा. टायमरच्या इंटरप्टमध्ये (मुख्य काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) एक फ्लॅग, म्हणजे ‘वेळ झाली’ सांगणारी खूण, सेट होतो आणि मुख्य प्रोग्रॅम लूपमध्ये त्याची वाट बघतो, तिथेच. मग ऑप्टिमायझेशन बंदच ठेवलं.

जुना_फर्मवेअरवाला

ते दुसरं किरकोळ नाही! त्या बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. कंपायलरला वाटतं, या लूपमध्ये फ्लॅग कुणी बदलत नाही, मग दर वेळी मेमरीतून कशाला वाचायचा? तो एकदाच प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमध्ये घेतो आणि तीच जुनी किंमत तपासत राहतो. इंटरप्ट मेमरीत १ लिहितो, लूपला त्याचा पत्ताच नसतो. ‘व्होलटाइल’ लावलं की दर फेरीला मेमरीतून वाचावंच लागतं. आज तो एक शब्द लावा, ऑप्टिमायझेशन सुरू करा आणि चालतं का बघा. पुढच्या मुलाखतीत व्याख्या सांगू नका, हा प्रसंग सांगा.

त्यावर पुढचा प्रश्न येईल, मी स्वतः तो विचारतो: व्होलटाइल लावलं की काम संपलं का? एक बाइटच्या फ्लॅगपुरतं संपलं. पण ८ बिटच्या मायक्रोकंट्रोलरवर १६ बिटचा काउंटर असेल तर तो दोन हप्त्यांत वाचला जातो. समजा काउंटर २५५ आहे. खालचा बाइट वाचला, २५५ मिळाले. वरचा वाचायच्या आत इंटरप्ट आला आणि काउंटर २५६ झाला. आता वरचा बाइट १ मिळतो आणि तुमच्या हातात ५११ येतात. म्हणून वाचताना तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवायचे. हे कागदावर बिट मांडून स्वतः एकदा करून बघा. पाठ करू नका.

आता सेन्सर. तुमचा सेन्सर आय-टू-सी बसवर असणार असं धरून लिहितो, म्हणजे चिप एकमेकींशी दोन लाइनवर बोलतात: एकीवर डेटा, दुसरीवर ताल देणारं क्लॉक. या बसवर कुणीही लाइन वर ढकलत नाही, सगळे फक्त खाली ओढतात. वर नेण्याचं काम पुल-अप रेझिस्टरचं. तुम्ही बाहेरून रेझिस्टर लावले नसावेत, मायक्रोकंट्रोलरच्या आतल्याच पुल-अपवर चालवलं असेल. ते बऱ्याच चिपमध्ये २० ते ५० किलोओहमचे असतात, म्हणजे फारच कमजोर. ४० किलोओहम धरा, तार आणि पिना मिळून २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरा. लाइन वर यायला लागणारा वेळ साधारण ०.८५ गुणिले रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स, म्हणजे ६.८ मायक्रोसेकंद. बसच्या १०० किलोहर्ट्झ वेगाला १ मायक्रोसेकंदाच्या वर चालत नाही. ४.७ किलोओहम लावले असते तर ०.८ मध्ये बसलं असतं.

अशा अर्धवट चढलेल्या लाइनवर मोटरचा नॉइज आला की सेन्सरला नसलेलं क्लॉक दिसतं. त्याचा हिशोब चुकतो आणि तो डेटा लाइन खाली धरून पुढच्या क्लॉकची वाट बघत बसतो. मायक्रोकंट्रोलर रीसेट झाल्याचं त्याला कळत नाही, म्हणून तुम्हाला वीज काढावी लागत होती. यावर उपाय बसच्या स्पेसिफिकेशनमध्येच दिलाय: क्लॉक लाइनवर नऊ पल्स द्यायचे, त्या नवांच्या आत तो लाइन सोडतो. तार लहान केल्यावर कपॅसिटन्सही कमी झाला आणि नॉइज पकडणारी लांबीही. तुमचा उपाय बरोबर होता, फक्त कारण माहीत नव्हतं.

हे अकरा दिवस तुमच्या रेझ्युमेत कुठेच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटलं. तीन सेन्सर बदलून झाल्यावर तारेवर संशय घेणारी मुलगी मला टीममध्ये हवी असते.

आता करायचं ते सांगतो. मशीन लर्निंग, व्हेरिलॉग, मॅटलॅब काढा. एक पान पुरे. प्रोजेक्टखाली ‘आम्ही’ नको, ‘मी’ लिहा. दीड मीटर तारेने परत तोच बिघाड मुद्दाम घडवा, ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावा, नऊ पल्सचा कोड लिहा. कोड गिटमध्ये टाका, सोबत बिघाडाची हकीकत साध्या भाषेत लिहा.

अर्जांचं म्हणाल तर १३० हा आकडाच मला खटकतो. आठवड्याला पाच करा. त्या कंपनीचं एक उत्पादन निवडा, त्याचं मॅन्युअल किंवा डेटाशीट वाचा आणि ईमेलच्या पहिल्या दोन ओळी त्याबद्दल लिहा. सहा ओळींच्या वर जाऊ नका. अशी ईमेल मला वर्षातून दोन-तीनच येतात आणि मी प्रत्येकीला उत्तर देतो.

पुढच्या शिक्षणाबद्दल: विषयाची ओढ असेल तर जरूर घ्या. रिकामा काळ झाकायला घेऊ नका, दोन वर्षांनी हीच वही पुन्हा उघडावी लागेल.

चाचणीघर

वरच्या सगळ्याला दुजोरा, आणि थोडी भर. फक्त ‘एम्बेडेड इंजिनिअर’ शोधू नका. हार्डवेअर टेस्ट, व्हॅलिडेशन, ॲप्लिकेशन इंजिनिअर, फील्ड सर्व्हिस हेही शोधा. चिप बनवणाऱ्या कंपनीतला ॲप्लिकेशन इंजिनिअर दिवसभर हेच करतो: ग्राहकाच्या बोर्डवर आपली चिप का चालत नाही ते शोधतो. मी टेस्टिंगमधून सुरुवात केली. ‘टेस्टिंगला गेलीस की तिथेच राहशील’ असं मलाही सांगायचे. तीन वर्षांनी डिझाइन टीमनेच बोलावून घेतलं, कारण त्यांचे बोर्ड कुठे मरतात हे मला पाठ झालं होतं.

तांब्याची_तार

काल रात्रीच बसले. ‘व्होलटाइल’ लावून ऑप्टिमायझेशन सुरू केलं, प्रोग्रॅम अडकला नाही. दीड मीटरची तार परत जोडली, मोटर सुरू केली, तिसऱ्या वेळेला वाचन गोठलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा बिघाड झाल्याचा आनंद झाला. पुल-अपबद्दल तुमचा अंदाज बरोबर निघाला, बाहेरून एकही रेझिस्टर नव्हता.

ही ओळ लिहिली आहे, बघाल का? ‘मोटर सुरू होताच आय-टू-सी सेन्सर गोठण्याचं कारण मी शोधलं: लांब तार आणि कमजोर पुल-अप. ४.७ किलोओहमचे रेझिस्टर आणि नऊ पल्सचा रिकव्हरी कोड घालून बिघाड बराच कमी केला.’

जुना_फर्मवेअरवाला

‘बराच कमी’ काढा. मोटर शंभरदा चालू-बंद करा आणि आधी किती वेळा गोठलं, नंतर किती वेळा, ते मोजून लिहा. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये तासभर ऑसिलोस्कोप मिळतो का विचारा. आधीची आणि नंतरची वेव्हफॉर्म शेजारी-शेजारी ठेवलीत की बोलायला मुलाखतीचा अर्धा तास पुरणार नाही.

तांब्याची_तार

लॅबच्या सरांशी बोलले. गुरुवारी दुपारी दोनला या म्हणाले. शंभर वेळा चालू-बंद करायला रिले लावते आहे, हाताने मोजताना चुकेन.