भागाकाराची वही उघडली की मुलाचे पोट दुखते

देवगडहून एक आई:
माझा मुलगा पाचवीत आहे. गणपतीच्या सुट्टीनंतर तो गृहपाठ टाळू लागला आहे. संध्याकाळी ओटीवर दप्तर घेऊन बसतो, पेन्सिलीला टोक काढतो, पाणी पिऊन येतो, पुन्हा टोक काढतो आणि तासाभराने पाहावे तर पानावर तारखेखेरीज काहीही नसते. सकाळी पोट दुखते आणि शाळेची वेळ टळली की ते थांबते. हाच मुलगा गेल्या हंगामात पाच डझनांच्या आठ पेट्यांत चारशे ऐंशी आंबे, असे क्षणात सांगत होता. वर्गात फळ्यापाशी उभे करून ‘एवढेही येत नाही?’ असे त्याला विचारले गेले, हे मला फार उशिरा कळले. मी रागावले, मोबाइल काढून घेतला, आमिषही दाखवले. आता काय करावे?

रत्नागिरीहून एक निवृत्त शिक्षक:
ताई, त्याचे पोट खरोखरच दुखत असते, ते सोंग समजू नका. भीतीचा पोटावर परिणाम होतो. मात्र वारंवार दुखत असेल तर डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. घरी राहिल्यावर जी सुटका वाटते, तीच टाळण्याची सवय पक्की करते, म्हणून शक्यतो शाळा चुकवू देऊ नका.

राहिला भागाकार. त्यात अंदाज, पाढा, गुणाकार, वजाबाकी आणि पुढचा अंक खाली घेणे हे सारे एकापाठोपाठ डोक्यात धरावे लागते. 322 ला 14 ने भागायचे असेल, तर आधी 14 चा पाढा पानाच्या कडेला लिहू द्या. ही लबाडी नव्हे, त्यामुळे डोक्यावरचे ओझे कागदावर उतरते. पहिले गणित आपण सोडवत न्या आणि केवळ शेवटची वजाबाकी त्याच्याकडे सोपवा. दुसऱ्या गणितात शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या. प्रत्येक गणित त्याच्याच हाताने संपले पाहिजे, कारण अर्धवट सुटलेली गणितेच त्याच्या मनात साठलेली आहेत. दोन गणिते झाली की वही मिटा, तो खुशीत असला तरी तिसऱ्याचा आग्रह धरू नका.

वर्गशिक्षकांना एकांतात भेटा. मुलाला मानसिक त्रास देण्यास 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मनाई केली आहे. तथापि कायदा पुढे करण्याआधी ‘त्याला काही दिवस फळ्यापाशी बोलावू नका’ एवढी विनंती करून पाहा. मी चाळीस मुलांचा वर्ग सांभाळला आहे. बहुतेक शिक्षक ऐकतात.

मालवणहून एक पालक:
गुरुजींचे म्हणणे पटते, पण तोंडी हिशेब येतो आणि कागदावर अडतो, हे वाचून मी थबकलो. आमच्या मुलीला आम्ही दोन वर्षे आळशी म्हणत होतो. तपासणीत अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचणे, लिहिणे किंवा गणित शिकण्यातली अडचण, निघाली. तिला आळशी म्हटल्याचे आठवले की आजही वाईट वाटते. आधी डोळे तपासून घ्या. महिना-दोन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा तो अंक उलटसुलट लिहीत असेल, तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे आणि प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. मनावरचा ताण वाढलाच तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते.

देवगडहून एक आई:
दोघांचेही मनापासून आभार. डोळ्यांच्या तपासणीसाठी शनिवारी जात आहोत. काल त्याने पाढा कडेला लिहिला, मी 322 चे गणित 42 पर्यंत आणून दिले आणि शेवटची वजाबाकी त्याने केली. शून्य लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. आज तो दोन पायऱ्या स्वतः करणार आहे, असे त्यानेच मला सांगितले.