मदत हवी आहे: पगारवाढीने वरच्या स्लॅबमध्ये गेलं की सगळ्याच पगारावर जादा कर लागतो का?

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ मिळालेली पगारवाढ नाकारायला निघालाय. त्याला कसं समजवावं ते कळत नाहीये, म्हणून हा धागा.

आत्ता त्याचा पगार वर्षाला १२ लाख ६० हजार. नवी करप्रणाली, २०२५-२६ च्या नियमांनी यावर कर शून्य. कंपनीने २०२५-२६ साठी एप्रिलपासून १३ लाख २० हजार देऊ केलेत. ऑफिसातले सीनियर त्याला सांगतात, "बारा लाख ओलांडलेस की १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जाशील, आणि मग पहिल्या रुपयापासून १५ टक्के." म्हणजे वाढ ६० हजारांची आणि कर पावणेदोन लाखांच्या वर! तो खरंच घाबरलाय.

मला माहीत आहे त्याप्रमाणे दर फक्त त्या त्या टप्प्यातल्या रकमेला लागतो. पहिल्या ४ लाखांवर कुणालाच काही नाही, मग पगार कितीही असो. ४ ते ८ वर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के, १२ ते १६ वर १५ टक्के. स्टँडर्ड डिडक्शनचे (पगारदारांना मिळणारी सरसकट वजावट) ७५ हजार वजा केले की भावाचं करपात्र उत्पन्न १२ लाख ४५ हजार. मग कर २०,००० अधिक ४०,००० अधिक वरच्या ४५,००० वर ६,७५०, असे एकूण ६६,७५०.

हा हिशेब त्याला दाखवला, तर तो म्हणाला, "ताई, तरीसुद्धा वाढीपेक्षा कर जास्तच झाला की." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मेहनतीने मिळवलेली वाढ त्याने ऐकीव गोष्टींवर सोडून देऊ नये असं मनापासून वाटतं. माझं कुठे अडतंय? (गृहकर्ज, घरभाडं काही नाही, त्यामुळे जुन्या प्रणालीचा प्रश्न नाही.)

प्रतिसाद १

ताई, स्लॅबचा हिशेब अगदी बरोबर आहे. उडी स्लॅबमुळे येत नाही, रिबेटमुळे येते. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खाली ६० हजारांपर्यंतचा कर माफ होतो, म्हणून १२ लाख ६० हजारांच्या पगारावर शून्य. बारा लाखांपुढे ही माफी जाते. पण तिथे लगेच मार्जिनल रिलीफ लागू होतो: बारा लाखांच्या वर जितकी रक्कम आहे, त्याहून जास्त कर घेता येत नाही. भावाची वरची रक्कम ४५,०००, म्हणून ६६,७५० ऐवजी कर ४५,०००. त्यावर ४ टक्के सेस (करावरचा उपकर) १,८००. एकूण ४६,८००.

वाढ ६०,००० आणि कर ४६,८००, म्हणजे १३,२०० उरतात. महिन्याला ५,००० वाढले, ३,९०० टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा कर) गेला, १,१०० हातात (पीएफची कपात वेगळी). थोडे आहेत, पण तोटा नाही.

प्रतिसाद २

वरचं सगळं मान्य, पण भावाला पूर्ण चित्र सांगा, नाहीतर तो पुन्हा तुम्हाला अडवेल. वाढ नेमकी १२ लाख ७५ हजारांवर थांबली असती तर कर शून्यच राहिला असता, आणि १३ लाख २० हजारांच्या पगारात हातात येतात त्यापेक्षा १,८०० रुपये जास्त आले असते. कारण रिलीफ सेसच्या आधी मोजतात. करपात्र उत्पन्न साधारण १२ लाख ७० हजार होईपर्यंत वरचा प्रत्येक रुपया करात जातो आणि सेस वेगळा. पगार १३ लाख ४९ हजारांच्या आसपास गेला की ही खाच भरून निघते, आणि पुढे रुपयातले ८४ पैसे आपले.

ही खाच रिबेटच्या काठावरच आहे. १६ लाख किंवा २० लाखांच्या रेषेवर असं काही होत नाही. करपात्र उत्पन्न १६ लाखांवर १० हजारांनी गेलं, तर २० टक्के त्या १० हजारांवरच, म्हणजे २,००० (सेस वेगळा).

सीनियर लोकांची भीती बहुधा जुन्या प्रणालीतली असावी. तिथे ५ लाखांपर्यंत शून्य आणि ५ लाख १ हजारावर सेससकट १३,२०८. मार्जिनल रिलीफ तिथल्या रिबेटला नाहीच.

आणि पुढच्या वर्षीची वाढ १३ लाख २० हजारांवर मिळणार आहे. नाकारली तर १२ लाख ६० हजारांवर!

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार! रिबेट आणि स्लॅब मी एकच धरून चालले होते. मग त्या ४५ हजारांचं काही करता येईल का?

प्रतिसाद २

येईल. कंपनीला वाढीतले ४५ हजार एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना), कंपनीचा हिस्सा म्हणून भरायला सांगा. मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत ही वजावट नव्या प्रणालीतही मिळते. मूळ वेतन ६ लाख असेल तर मर्यादा ८४ हजार. करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाखांवर येईल आणि कर शून्य. हातात वर्षाला १५,००० जास्त, शिवाय ४५,००० निवृत्तीच्या खात्यात. ते पैसे अडकतात, हे त्याला आधी सांगा. त्याने स्वतः भरलेल्या एनपीएसला मात्र नव्या प्रणालीत वजावट नाही, म्हणून हे एचआरकडूनच करून घ्यावं लागेल.

बँकेत एफडी असेल तर तिचं व्याजही उत्पन्नात धरा. ८ हजार व्याज आलं तर पुन्हा रेषेपलीकडे, म्हणून ४५ ऐवजी ५५-६० हजार मागितलेले बरे. शेअर विकून झालेल्या अल्पकालीन नफ्यावरच्या कराला हा रिबेट लागत नाही, तसं काही असेल तर लिहा, वेगळा हिशेब करू.